दिल्लीहून सही यायची होती

यशवंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्याच्या घरी जेवायला बसलो होतो. मालतीवहिनींचा आवाज नेहमीसारखाच होता. "भाऊजी, हे गेले. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, जरा पडतो म्हणाले... उठलेच नाहीत." मी ताट बाजूला सारलं आणि पेणची एसटी पकडली. पोचलो तोवर अंगणात माणसं जमली होती. त्यांत कॉलेजातले सहकारी आणि जुने विद्यार्थी होते, तशीच खाडीकडच्या गावांतली आणि डोंगराकडच्या वाड्यांतली बरीच माणसंही होती. इतिहासाच्या एका प्राध्यापकाकडे ही माणसं कशी आली, असं त्याच्या एका सहकाऱ्याने मला हळूच विचारलं. तेव्हा सांगायची वेळ नव्हती. आता काही आठवडे गेलेत, तर सांगतो.

आम्ही पेणच्या शाळेत एका वर्गात होतो. वडील लहानपणीच गेल्यामुळे यशवंत आईबरोबर मामांकडे वाढला. मामा कासूच्या बाजूचे मोठे जमीनदार, बोलायला कडक, पण भाच्याला त्यांनी स्वतःच्या मुलांसारखं शिकवलं. पुढे मी वकील झालो आणि पेणच्या कोर्टात बसू लागलो. यशवंत रोह्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागला. त्याने प्रबंधासाठी निवडलेल्या विषयाची आम्ही मित्रांनी पुष्कळ थट्टा केली. इंग्रजांच्या काळात मुंबईच्या कौन्सिलात एखादा कायदा मंजूर झाला, की त्याचं पुढे काय व्हायचं, एवढाच तो विषय. कायदा आधी गव्हर्नरच्या संमतीला, मग गव्हर्नर जनरलकडे आणि तिथून बोटीने लंडनला भारतमंत्र्यांपुढे जायचा. तिकडे कुणाला तो पटला नाही तर राणीच्या नावाने रद्दसुद्धा व्हायचा. यशवंत हे सगळं रंगून सांगायचा आणि आम्ही जांभया द्यायचो. मी एकदा म्हणालो, "अरे, बोटी गेल्या, राणी गेली, आता याचं काय लोणचं घालायचंय?" तो नुसता हसला.

रोह्यापर्यंत रेल्वे येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. यशवंत पेणहून रोज गाडीने कॉलेजला जायचा. कासूला एक कातकरी बाई त्याच डब्यात चढायची, कधी लाकडांची मोळी घेऊन, कधी खेकडे घेऊन. जनाबाई तिचं नाव. तिची वाडी मामांच्याच जमिनीवर होती. तिच्या सासऱ्याच्या आधीपासून ती माणसं तिथे राहात होती, पण घराखालची जमीन मामांच्या नावावर. त्या वर्षी मुंबईत विधानसभेने एक विधेयक मंजूर केलं. वाड्यांमधल्या घरांखालची जमीन राहणाऱ्याच्या नावे करायची, असा त्याचा अर्थ होता. कुणी कार्यकर्ता वाडीवर येऊन पेढे वाटून गेला, जागा तुमची झाली म्हणून सांगून गेला. जनाबाईने लगेच कुडाच्या झोपडीपुढे दगडी जोतं घालायला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती स्वतःच्या जागेवर घर बांधत होती. नवरा नव्हता, मुलगा वीटभट्टीवर गेलेला. नदीतले दगड तिने आणि सुनेने डोक्यावरून आणले.

मामांनी माणसं पाठवून काम थांबवलं आणि आठ दिवसांत वाडी उठवा म्हणून बजावलं. जनाबाईने गाडीत यशवंतला गाठलं, आणि तो दुसऱ्या दिवशी तिला घेऊन माझ्याकडे आला. मी कागदपत्रं मागवून पाहिली आणि जे होतं ते सांगितलं. विधेयक मंजूर झालं होतं, पण राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं होतं. संमती येईपर्यंत तो कायदाच नव्हता. कोर्ट कशाच्या जोरावर मामांना अडवणार?

जनाबाई माझ्याकडे न बघता यशवंतला म्हणाली, "मास्तर, म्हमईला कायदा झाला तो खोटा हाय का?"

"खोटा नाय, जनाबाई. पण दिल्लीहून सही यायचीय."

"इंग्रज गेला ना? मंग म्हमईची मानसं आजून कुनाला इचारतात?"

यशवंत माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला माहितेय, त्या काळी गव्हर्नर जनरलची संमती आली की कायदा इथे लागू व्हायचा. लंडनहून नकार आला तर पुढे थांबायचा. आता सहीशिवाय सुरूच होत नाही. मी इतकी वर्षं हे शिकवतोय, पण वाट बघणारं माणूस कधी पाह्यलं नव्हतं."

त्याच संध्याकाळी तो मामांकडे गेला. मीही बरोबर होतो. मामा झोपाळ्यावर बसले होते. यशवंतने सरळ सांगितलं, की दिल्लीचं उत्तर येईपर्यंत वाडीला हात लावू नका.

"आणि उत्तर नाही असं आलं तर?"

"तर मी स्वतः वाडीवर जाऊन त्यांना सांगेन. तुम्हाला कुणाला पाठवावं लागणार नाही."

"माझ्या घरात वाढून माझ्या जमिनीबद्दल मला सांगायला आलास." मामांचा आवाज चढला नव्हता. आतल्या दारात यशवंतची आई उभी होती. शेवटी मामा म्हणाले, "थांबतो. पण तुझ्या शब्दावर, त्यांच्यासाठी नाही."

दोन पावसाळे गेले. जनाबाईचं जोतं गुडघाभर उंचीवर अडून राहिलं. यशवंत गाडीत तिला भेटायचा आणि ती रोज एकच विचारायची, "आली का सही?" तो नकारार्थी मान हलवायचा. मग एक दिवस विधेयक दिल्लीहून हरकती लावून परत आल्याचं कळलं. तोवर मुंबईत सरकार बदललं होतं, आणि नव्यांना ते पुन्हा हातात घ्यायची इच्छा दिसत नव्हती. यशवंत त्या दिवशी रोह्याला गेलाच नाही. कासूला उतरून पायी वाडीवर गेला. मी सोबत येतो म्हटलं तर नको म्हणाला. पुढचं त्यानेच मला एकदा सांगितलं, पुन्हा कधी नाही.

जनाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सही करनाऱ्याला आमची वाडी ठावं हाय का?"

"नाय."

"त्यानं बघितली आसती तर नाय म्हनला आसता?"



मामांनी जमीन गोदामांसाठी विकली. वाडी वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर सरकारी जागेत गेली. जनाबाईने झोपडीचा कूड न्यायच्या आधी जोत्याचे दगड उकरायला घेतले. ते इथे ठेवणार नाही म्हणाली. यशवंतने सदरा काढून झाडाला अडकवला आणि तिच्याबरोबर दगड वाहिले. मामांची माणसं बघत होती, त्यांनी जाऊन सांगितलं. त्यानंतर मामांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्या मुलीच्या लग्नाला ते आले नाहीत. मामा गेले तेव्हा यशवंत खांदा द्यायला पुढे झाला, तर मामेभावांनी त्याला बाजूला केलं. तो तसाच मागून स्मशानापर्यंत चालत गेला. याबद्दल त्याने कधी तक्रार केली नाही, आणि मी मोठं काही केलं असंही म्हणाला नाही.

जनाबाईचं घर डोंगरावर त्याच दगडांवर उभं राहिलं. जागा तिच्या नावावर व्हायला आणखी पुष्कळ वर्षं लागली. ती एका वेगळ्याच हुकमाने झाली, आणि तो कागद हातात घ्यायला जनाबाई नव्हती. तिच्या सुनेने घेतला. यशवंतने मला हे फोनवर सांगितलं, तेव्हा त्याच्या आवाजात आनंद होता की नव्हता, मला सांगता येणार नाही.

एवढं मात्र झालं, की त्या वर्षापासून त्याने रविवारी सकाळी ओटीवर सतरंजी घालायला सुरुवात केली. राजपत्र आणि वर्तमानपत्रं घेऊन बसायचा. खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधांचं काय झालं, कंपनीसाठी जमीन जाणार म्हणतात ते कुठवर आलं, असं विचारत लोक यायचे. कोणतं विधेयक कुणाच्या टेबलावर आहे, लागू झालं की नाही, एवढंच तो सांगायचा. आशा लावायचा नाही, घाबरवायचाही नाही. मालतीवहिनी आतून चहा पाठवायच्या. त्यांना या गोष्टींत रस आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

गेल्या रविवारी मी पेणला गेलो. ओटीवर सतरंजी घातलेली होती. पेणजवळच्या वाशी गावाकडच्या खाडीपट्ट्यातला एक म्हातारा शेतकरी टोपी मांडीवर ठेवून बसला होता. समोर वहिनी चष्मा लावून राजपत्राची पानं उलटत होत्या. मी दारातच थांबलो.

"सभागृहात मंजूर झालंय," त्या म्हणाल्या. "राज्यपालांकडे आहे. अजून लागू नाही."

"व्हय," म्हातारा म्हणाला. "मंग मी कधी येऊ?"

वहिनींनी पान मिटलं. "पुढल्या रविवारी या. मी बघून ठेवते."