पिवळं फडकं वर गेलं की

माझी बायको शांता गेली त्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. अमेरिकेत, टेक्ससमधल्या प्लेनोच्या हॉस्पिटलात मी तिच्या पलंगाशेजारी बसलो होतो. बोलणं तिला जड जात होतं, तरी मध्येच डोळे उघडून तिने विचारलं, "शनिवारी जेवण कोण वाढणार?" मला वाटलं, औषधाच्या गुंगीत कऱ्हाडच्या शाळेतलं काहीतरी बोलते आहे. तर नाही. ती इथल्या मैदानावरच्या जेवणाचं विचारत होती. मी म्हटलं, कोणी नाही वाढणार, जो तो आपापलं खाईल, मोठी माणसं आहेत ती, उपाशी मरत नाहीत. मी बोलायला असाच आहे, तिला त्याची सवय होती. ती म्हणाली, "म्हणजे परत सगळे आपापल्या गाडीत बसून खाणार... आणि तुम्हीसुद्धा." हे तिचं माझ्याशी शेवटचं धड बोलणं. शनिवारी सकाळी ती गेली. त्याला आता दीड महिना होऊन गेला.

आमची सून नेहा म्हणाली, बाबा, आईंबद्दल लिहा ना, मी टाइप करते. मी सातवी शिकलेला, जन्मभर कऱ्हाडला टेम्पो चालवलेला माणूस. पण शांताचं मैदानावरचं काम इथल्या मराठी मंडळींना ठाऊक नाही. त्यांनी तिला गणपतीत मोदक वळताना बघितलं, तेवढंच. म्हणून लिहितो.

आम्ही दोघं मुलाकडे, महेशकडे, कायमचे राहायला आलो तेव्हा त्याला एक नवा नाद लागला होता. प्लेनोच्या उत्तरेला गाडीने तासाभरावर एक माळ आहे. तिथे महिन्यातल्या एका शनिवारी काही माणसं जमतात. अंगावर जुन्या काळच्या काउबॉयसारखे कपडे, डोक्यावर मोठी हॅट, कमरेला दोन पिस्तुलं, हातात त्या काळच्या घडणीची बंदूक. पाळीपाळीने पुढे जायचं आणि लोखंडी पत्र्यांवर गोळ्या मारायच्या. पत्रा टण्ण वाजला की झालं, कोण लवकर संपवतो ते बघायचं. प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचं आणि मैदानावर त्याच नावाने हाक मारायची. आमच्या महेशचं नाव काय, तर सातारा किड. पोरगं पंचेचाळिशीचं, पोट सुटलेलं, आणि किड.

घरात बसून आम्हाला कंटाळा येतो म्हणून तो आम्हाला बरोबर घेऊन गेला. आम्ही गाडीतच बसलो, पोळी-भाजीचा डबा घेऊन. दुपारी गोळीबार थांबला आणि सगळी माणसं पांगली. जो तो आपल्या ट्रककडे गेला, मागचं फळकूट पाडलं, बर्फाच्या खोक्यातून सँडविच काढलं आणि एकटाच खात बसला. सकाळभर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते ते हेच लोक. शांताने बराच वेळ बघितलं आणि महेशला विचारलं, "यांचं काही भांडण झालंय का?" तो हसला. म्हणाला, नाही गं आई, इथे असंच असतं. लांब एका कोपऱ्यात मैदानाचा मुख्य असलेला एक थोराड म्हातारा डब्यातल्या बीन्स गरम करून उभ्यानेच खात होता. त्याचं टोपणनाव मोलॅसिस, म्हणजे आपली काकवी. फार सावकाश नेम धरतो म्हणून ते नाव पडलेलं. बायको वारलेली, मुलं लांबच्या गावी. शांताने हे सगळं परतीच्या वाटेत महेशकडून काढून घेतलं. त्या दिवसापासून तो तिचा काकवीभाऊ झाला.

कऱ्हाडला शांता बरीच वर्षं शाळेत मुलांची खिचडी करायची. उघड्यावरची चूल, मोठं पातेलं, वाऱ्याने डोळ्यांत जाणारा धूर, हे तिला नवीन नव्हतं. ती म्हणायची, एकटं पोर ताटातलं टाकून देतं, रांगेत बसवलं की तेच पोर दोनदा मागून खातं. पुढच्या महिन्यात तिने महेशला सांगितलं, मी करते सगळ्यांचं जेवण. तो चाचरला. म्हणाला, आई, इथे असं कोणी करत नाही, लायबिलिटी असते, कोणाला काही झालं तर आपल्यावर येतं. "कसली लायबिलिटी? उसळ करते मी," ती म्हणाली, आणि विषय संपला.

काकवीभाऊकडे बिडाचं एक अवजड भांडं होतं. त्याच्या झाकणाला उभा काठ, वर निखारे ठेवण्यासाठी. ते बघून ती खूश झाली, म्हणाली, वरून जाळ द्यायचं यांनाही कळतं म्हणजे. इथल्या ठिपक्याठिपक्यांच्या बीन्स तिने रात्रभर भिजवल्या, कांदा-लसूण मसाला घातला. एका मिशीवाल्याने भांड्यात डोकावून सांगितलं की टेक्ससमध्ये चिलीत, म्हणजे त्यांच्या मांसाच्या तिखट रश्श्यात, बीन्स घालत नाहीत. महेशने ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला म्हणावं ही उसळ आहे. उसळीतून कडधान्य काढलं तर नुसता रस्सा राहतो." मिशीवाल्याने त्या दिवशी तीनदा घेतली. तिथे सगळ्यांनी जुन्या काळचे कपडे घालायचे असा नियम, स्वयंपाक करणाऱ्यानेसुद्धा. ते तिला कसं सांगावं म्हणून काकवीभाऊ घुटमळत होता. तिच्या अंगावर नऊवारी लुगडं होतं. महेश म्हणाला, हे तुमच्या काउबॉयपेक्षा जुनं आहे. तिला कोणी काही म्हणालं नाही. मी पँट-शर्टात होतो, मला मात्र कोणीतरी एक कातडी जाकीट चढवलं.

त्याच दिवशी एक मोठा घोळ झाला. जेवण तयार होतं आणि शेवटची तुकडी अजून गोळ्या मारत होती. सगळ्यांच्या कानात बोळे. शांताने हाका मारल्या, डावाने पातेलं बडवलं, पण पत्र्यांच्या टणटणाटात ते कुठे ऐकू जाणार. मग तिने टेबलावरचं लाल कापड ओढून काढलं, बाजूच्या मातीच्या ढिगावर चढली आणि ते डोक्यावर धरून जोरजोराने हलवलं. आख्खं मैदान जागच्या जागी थिजलं. बंदुका खाली, माणसं ओरडायला लागली, महेशचा चेहरा पांढरा पडला. बंदुकीच्या मैदानावर लाल कापड म्हणजे धोका, कोणाला तरी गोळी लागली असं त्यांना वाटलेलं. काकवीभाऊ धापा टाकत आला. शांता ढिगावरूनच महेशला म्हणाली, "जेवण निवतंय म्हणून सांग त्यांना."

महेशने सांगितलं. काकवीभाऊने हॅट काढली, घाम पुसला आणि मग एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं. नंतर त्याने नीट समजावलं, इथे लाल कधी हलवायचं नाही. तिने विचारलं, मग पिवळं चालेल का? पिवळं चाललं. पुढच्या महिन्यात तिने आपलं हळदी रंगाचं जुनं लुगडं अर्धं फाडून आणलं. शेवटची गोळी झाली, बंदुका रिकाम्या करून ठेवल्या की ते खांबावर चढायचं. पिवळं फडकं वर गेलं की जेवण, हे सगळ्यांना पाठ झालं.

पुढे महेशकडून तिला कळलं की गोळ्या हाताळून बोटांना शिसं लागतं, ते पोटात जाणं वाईट. मग काय विचारता. नळापाशी साबण ठेवला आणि भांड्याशी उभी राहून प्रत्येकाला म्हणायला लागली, "हात दाखवा." इंग्रजी ती शिकली नाही, ते लोकच हे दोन शब्द शिकले. सुरुवातीला एकाला वाटलं ही भविष्य बघते, त्याने तळवा पुढे करून किती जगेन म्हणून विचारलं. तिने नख बघितलं आणि त्याला परत नळाकडे पाठवलं. पिवळ्या फडक्यालाही गोळी चालवलेला हात लावू द्यायची नाही. ते घरी धुवायचं, पत्र्याच्या डब्यात आणायचं आणि तिने नाहीतर मी चढवायचं. महेशने एकदा डब्याला हात घातला तर सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली.

आणि ताट घेऊन ट्रककडे जाऊ द्यायची नाही. शेडखाली लांब बाकं समोरासमोर लावून घेतली. कोणी भरलं ताट घेऊन निघाला की ती ताटाचा काठ धरून ठेवायची, आणि दुसऱ्या हाताने बाक दाखवायची. डोंगराएवढे गडी गुमान बसायचे. मग बोलणी सुरू व्हायची, नेम चुकलेल्याची टिंगल व्हायची, गुडघ्यांची दुखणी निघायची. मला इंग्रजी कळत नाही, पण कऱ्हाडच्या तिठ्यावर टेम्पोवाले बसायचे तसंच ते होतं. मीसुद्धा त्यांच्यात बसायला लागलो.

एका शनिवारी काकवीभाऊच्या लक्षात आलं की वाढणारी बाई कधी बसत नाही. त्याने चमचा ताटात ठेवून दिला. म्हणाला, ही बसल्याशिवाय मी खाणार नाही. शेजारच्याने चमचा ठेवला, मग त्याच्या पलीकडच्याने. शांता म्हणत होती, खा की तुम्ही, मी नंतर बसते. कोणी हलेना. शेवटी पदराला हात पुसत ती बसली, आणि कोणा परक्याने तिचं ताट वाढून आणलं. इतकी वर्षं तिने शेकडो माणसं जेवू घातली होती, पण पंगतीच्या मध्ये बसून, सगळ्यांबरोबर पहिला घास घेताना मी तिला त्या दिवशी बघितलं. तिला घास गिळवत नव्हता... हसू येत होतं म्हणून. त्यानंतर ती दर वेळी बसली.

आजारपणात तीन-चार शनिवार चुकले. तिच्यामागे पुन्हा माणसं पांगतील, हीच तिची काळजी होती. दिवसकार्य आटोपल्यावर मैदानाचा शनिवार आला. नेहाला औषधांच्या दुकानात ड्युटी होती. जाताना म्हणाली, "बाबा, तुम्ही या वेळी स्किप करा, इट्स ओके." पण घरात बसून तरी काय करायचं. महेशबरोबर गेलो. जेवणाचा डबा घेतला, फडक्याचा डबा गाडीत मागे तसाच पडलेला होता, आणि पहिल्या दिवशी बसलो होतो तसा गाडीत बसून राहिलो. तिचं खरं होत होतं, मला कळत होतं. पण पाय उतरेनात.

गोळीबार संपला. मी डबा उघडला, आणि काचेतून बघितलं तर कोणी ट्रककडे जात नव्हतं. बंदुका ठेवून माणसं शेडपाशी नुसती उभी होती. बाकं लावलेली, झाकलेली भांडी मांडलेली, मधे ते बिडाचं भांडं, झाकणावर निखारे. कोणी बसतही नव्हतं. मग काकवीभाऊ माझ्या गाडीकडे चालत आला, मागे महेश. काकवीभाऊने काचेवर टकटक केली. म्हणाला, फडक्याचा डबा तुमच्या गाडीत असेल ना, लोक खोळंबलेत. मी म्हटलं, घ्या आणि लावा तुम्हीच. महेशने त्याला ते इंग्रजीत सांगितलं. काकवीभाऊने आपले दोन्ही पंजे काचेसमोर धरले. बोटं काळी झालेली. तो जे बोलला ते महेशने मला सांगितलं, "बाबा, तो म्हणतोय आज इथे प्रत्येकाने गोळी चालवलीय. हात फक्त तुमचे स्वच्छ आहेत."

नियम तिचाच होता. डबा घेऊन उतरलो. खांबापाशी गेलो, फडकं बांधलं, दोरी ओढली. ते वर गेलं तशी सगळी माणसं नळाकडे वळली.

उसळ काकवीभाऊने केली होती. इतके महिने तिच्या शेजारी उभा राहून बघितलं, त्यावरून. खाली लागली होती आणि मीठ जास्त होतं, खोटं कशाला सांगू. तो डाव घेऊन भांड्याशी उभा होता, त्याचे हात आता लालबुंद, घासून धुतलेले. मी ताट पुढे केलं. त्याने वाढलं नाही. माझ्याकडे बघत सावकाश म्हणाला, "हात दाखवा."

मी दाखवले. खांबाचा गंज तळव्यांना लागला होता. त्याने मान हलवली आणि डावाने नळाकडे खूण केली. मी गेलो, साबण लावून हात धुतले, परत आलो, पुन्हा दाखवले. मग त्याने ताट भरलं. मी बाकावर बसलो. तिच्या जागी कोणी बसलं नव्हतं, तिथे एक भरलेलं ताट ठेवलेलं होतं. सगळ्यांचे चमचे खाली होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पहिला घास घेतला.

फडकं मी आता गॅरेजमध्ये दोरीवर वाळत घातलंय. आमच्या या वस्तीत अंगणात कपडे वाळवायला बंदी आहे, म्हणून शांताही तिथेच वाळवायची. दोनदा धुतलं तरी धुराचा वास जात नाही, कडेला मसाल्याचं एक बोट उमटलंय तेही जात नाही. वाळलं की घडी करून डब्यात ठेवीन. पुढचा शनिवार आला की लागेल.