घरात आणलेला कर्णा

अणदूरच्या खालच्या आळीत बिभीषणाचं घर कुठलं, हे कुणाला विचारावं लागत नसे. आळीच्या तोंडाशी जरा उभं राहिलं की पुरे. "कालवणात मीठ लई झालंय गं आज!" नाहीतर "शेळीनं माझा टॉवेल खाल्ला!" असं काहीतरी कानठळ्या बसवत बाहेर यायचंच. बिभीषणाला ऐकू येत नव्हतं, आणि ज्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही त्यानं तो बेतावा तरी कसा? त्या घरात झाकून ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्याच्या बायकोचा, अयोध्याचा आवाज मात्र कुणाच्या कानावर पडायचा नाही. आणि हीच ती अयोध्या, लग्न होऊन आली तेव्हा चुलीशी बोलायची, शेळीशी बोलायची, झोपेतसुद्धा बोलायची! सासू कपाळाला हात लावायची, "काय बाई ह्या पोरीचं तोंड, दमत कसं न्हाय!" बिभीषण नुसता हसायचा. अंथरुणाला पाठ टेकली की म्हणायचा, "हं, सांग. आज काय काय झालं?" ती सांगत राहायची आणि तो ऐकता ऐकता झोपी जायचा. बहात्तरच्या दुष्काळानं ते सगळं नेलं. धान्य नेलं, बैल नेले, ते पुढं हळूहळू परत आले. बिभीषणाचे कान काही आले नाहीत.

दुष्काळी कामावर पाझर तलाव खोदायचा होता. बाप्ये पहारीनं खडक फोडायचे, बाया पाट्या वाहायच्या, आणि पहारीला दाद न देणारा खडक लागला की सुरुंग. मुकादम लाल फडकं हलवायचा आणि सगळी पांगापांग व्हायची. त्या दिवशीही झाली. बिभीषण पळाला होता, चांगला लांब आला होता. पण पहार मागं राहिली होती, घरची, बापाच्या हातची. गडी माघारी वळला. वरच्या उतारावरून अयोध्यानं ते बघितलं आणि डोक्यावरची पाटी टाकून ती ओरडली, "अवो! अवो, माघारी फिरा!"

आता सांगा, त्या माळावर अवो म्हणणारी ती एकटीच होती का? सगळ्या बाया आपापल्या माणसाला हाका मारत होत्या, आणि हाक सगळ्यांची एकच. नवऱ्याचं नाव कोणती बाई घेते? अवो म्हटल्यावर चार गडी थबकले, त्यांत बिभीषण नव्हता. कुणाची तरी बायको हाका मारतीया, असं त्याला वाटलं असणार. अयोध्याच्या गळ्याशी नाव आलं होतं. अगदी जिभेपर्यंत आलं होतं. जन्मात कधी घेतलेलं नाही ते बाहेर पडेना, आणि तेवढ्यात सुरुंग उडाला.

जीव वाचला. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या नसा गेल्यातच जमा. पुढं कुणीतरी कानात घालायचं यंत्रही आणून दिलं, पण त्यातनं नुसती शिट्टी वाजायची. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तो म्हणाला, "एवढी माणसं हुती गं माळावर. एकानंबी मला हाक मारली न्हाय?" रागानं नाही, साधंच विचारलं. अयोध्यानं मान हलवली, हात हलवले, छातीवर हात ठेवून स्वतःकडं बोट दाखवलं. त्याला वाटलं, हिच्या छातीत दुखतंय. लिहून सांगावं तर तिला लिहिता येत नव्हतं आणि त्याला वाचता येत नव्हतं. पुढं त्यानं तो विषय काढला नाही. तिच्या मनातून तो विषय एक दिवसही गेला नाही. माणसापुढं बसून हातवारेच करायचे तर बोलायचं कशाला, असं करत करत तिचं बोलणंच आटलं.

अशी कितीतरी वर्षं गेली. गावात दूध संघ आला, घरात लाईट आली, आणि संघाच्या जीपवर एक कर्णा आला. महांतप्पा त्या जीपचा ड्रायव्हर, बिभीषणाचा लहानपणापासूनचा जोडीदार. गावोगाव फिरून तो माईकवरून पुकारायचा, "उद्या गायीम्हशींना लस टोचायचीय हो!" एकदा खंडोबाच्या देवळापुढं जीप उभी होती आणि बिभीषण सवयीनं कर्ण्याला खेटून विडी ओढत होता. महांतप्पानं माईक तोंडाशी धरला. बिभीषणाच्या तोंडातली विडी खाली पडली.

तो पळत घरी आला, दारातूनच ओरडत. "ऐकलं! म्या ऐकलं गं! म्हांतप्पाचा आवाज हाय तसाच हाय, घोगरा!" आळीतली माणसं बाहेर आली. मग तो अयोध्याजवळ बसला आणि त्याच्या मानानं हळू म्हणाला, "मला तुझा ऐकायचाय. एकदा. म्या इसरत चाललोय बघ."

अयोध्या चुलीकडं तोंड करून रडली. तिला तरी दुसरं काय हवं होतं?

पण देवळापुढं पारावर दहा बाप्ये बसलेले, त्यांच्या देखत बाईनं माईकवर नवऱ्याशी बोलायचं? मेल्याहून मेल्यासारखं होईल की! आणि जीप आळीत शिरत नव्हती, आळी कसली, दोन शेळ्या समोरासमोर आल्या तर एकीनं मागं सरावं. मग नशिबानं असं झालं की जीपचं इंजिन बसलं. ते दुरुस्तीला तुळजापूरला गेलं आणि महांतप्पा रिकामा झाला. संघाच्या चेअरमनला विचारून त्यानं कर्णा, माईक आणि मधलं ते आवाज वाढवणारं मशीन डोक्यावर घेतलं आणि बिभीषणाच्या घरात आणून ठेवलं. "इंजिन येईस्तोवर तुमचं, वैनी. इंजिन आलं की गाडीला परत."

पण मशीन होतं गाडीचं. ते बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं, आणि जीपची बॅटरीही गॅरेजात गेलेली. घरातली लाईट त्याला थेट दिली असती तर तिथंच होळी झाली असती. महांतप्पानं आपल्या रेडिओचा एलिमिनेटर आणला, लाईटीवर रेडिओ चालवायची ती छोटी पेटी. जोडल्याबरोबर मशीनचा लाल दिवा लागला. सगळे खूश! पण "हॅलो" म्हणायला गेलं की दिवा मिणमिणायचा आणि कर्णा उचकी दिल्यासारखं करून गप्प बसायचा. "रेडिओपुरताच दम हाय हिच्यात," महांतप्पा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं संघातून बॅटऱ्या चार्ज करायचा चार्जर आणला, चांगला दणकट. बल्बच्या होल्डरातून वायर ओढली, चार्जर लावला आणि चार्जरची दोन टोकं मशीनला दिली. कर्ण्यातून असा घूंऽऽ आवाज निघाला की शेळीनं दावं तोडलं. अयोध्या माईकमध्ये काहीतरी बोलली, ते त्या घूंघूंमध्ये कुठल्या कुठं बुडालं. महांतप्पा हळहळला. बिभीषण मात्र कर्ण्याला कान लावून बसला होता आणि त्याचा चेहरा नुसता उजळला होता.

"येतंय! ऐकू येतंय! लई ऐकू येतंय!"

कितीतरी वर्षांनी त्याच्या घरात काहीतरी वाजत होतं. "बंद करू नको म्हांतप्पा, राहू दे," तो म्हणत होता. लाईट जाईपर्यंत तो ते घूंघूं ऐकत बसला आणि अयोध्या त्याच्याकडं बघत बसली. एवढ्यावरच समाधान मानतोय बिचारा, असं तिला वाटलं.

महांतप्पानं गॅरेजात विचारून आणलं, मधे बॅटरी पाहिजे. चार्जरनं बॅटरीला पाजायचं आणि बॅटरीनं मशीनला. बोलायच्या वेळी चार्जर काढून टाकला की घूंघूं बंद. संघाच्या टेम्पोची एक टाकून दिलेली बॅटरी मागच्या खोलीत धूळ खात पडली होती. ती आली, तिच्यात बॅटरीचं पाणी घातलं, आणि घरात चुलीशेजारी आंबूस वासाची बुडबुड सुरू झाली. पण लाईटचं काय सांगावं! दोन तास यायची, मग जायची. बॅटरी जरा भरायची आणि नुसतीच पडून उतरायची. असं चार दिवस चाललं आणि पाचव्या दिवशी निरोप आला, इंजिन तयार झालंय, उद्या सकाळी जीप बाहेर काढायची.

त्या दुपारी लाईट आली ती टिकली. कस्तुराबाई शेजारीण आपल्या दोन वाकळा घेऊन आली आणि खिडकीवर, दारावर बांधून गेली. "बोल बाई काय बोलायचं ते. आमी कानात बोटं घालून बसतो," म्हणाली, आणि भिंतीपलीकडं जाऊन कान लावून बसली.

महांतप्पानं कर्णा समोरच्या भिंतीशी ठेवला आणि बिभीषणाला त्याच्यापुढं बसवलं, कान कर्ण्यात आणि पाठ घराकडं. माईक जवळ आणला की शिट्टी वाजते, म्हणून अयोध्याला वायर पुरेल तेवढं लांब, पार चुलीपाशी उभं केलं. चार्जर काढला. "वैनी, जुनी बॅटरी हाय. दोन-चार वाक्यं निघतील, न्हाय तर तेवढीबी न्हाय. निवडून बोला." एवढं सांगून तो बाहेर गेला आणि जाताना दार ओढून घेतलं.

निवडून! तिच्याकडं काय थोडं साठलं होतं? सासू मरताना काय म्हणाली ते सांगायचं होतं. पहिल्यांदा लाईट लागली तेव्हा आपण किती घाबरलो ते सांगायचं होतं. आणि सगळ्यात आधी ते माळावरचं. माईक तिनं दोन्ही हातांनी धरला, आणि एवढ्या वर्षांची सवय तोंडातून आपोआप बाहेर आली.

"अवो..."

कर्णा दणाणला. बिभीषण दचकला. त्यानं ऐकलं होतं, पुरतं ऐकलं होतं. पण तो तिच्याकडं वळला नाही. कर्ण्यातून कान न काढता दाराकडं बोट करून म्हणाला, "दारात कोण आलंय गं? कुणाची तरी बायको हाका मारतीया बघ."

अयोध्यानं हातातल्या माईककडं बघितलं. जीव पिळवटून वाट बघितली, आणि पुन्हा तेच! पुन्हा तोच माळ, तीच पाठ, तीच हाक, आणि तो दुसऱ्याच कुणाची तरी म्हणून सोडून देणार. मशीनचा लाल दिवा मिणमिणायला लागला होता. खिडकीबाहेर आळी श्वास रोखून बसली आहे हे तिला कळत होतं. वाकळांनी काय आवाज अडतो? बसू देत. ऐकू देत सगळ्या गावाला. तिनं डोळे मिटले, माईक ओठांना लावला आणि छातीत होतं नव्हतं ते सगळं ओतून ओरडली,

"बिभीषण! माघारी फिरा!"

बाहेर कुणाच्या तरी हातातलं भांडं पडलं. कर्ण्यात खरखर झाली आणि दिवा विझला.

बिभीषण तसाच बसून होता. त्याचे खांदे हलायला लागले. मग भिंतीला हात टेकून तो उठला, हळूहळू पाठमोऱ्याचा समोर वळला, आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी त्यानं ओ दिली.

"ओऽऽ! आलो गं! आलो!"