क्रोनोसने ओकलेला दगड

रोज सकाळी तेल घालण्याआधी तिमारेता त्या दगडाला एक चापट मारायची. डेल्फीच्या चढावरचा हा दगड क्रोनोस देवाने आपलं पोर समजून गिळला होता आणि मग ओकून टाकला होता. देवळाने तिला त्याच्या सेवेला ठेवलं होतं. यात्रेकरूंनी विचारलं की ती गोष्ट उरकून टाकायची.

"आभाळाने आपली पोरं धरित्रीच्या पोटात कोंडली. त्याच्या मुलाने, या क्रोनोसने, स्वतःची गिळली. शेवटच्या खेपेला बायकोने दुपट्यात दगड गुंडाळून दिला. बाप झाले की यांना भूक लागते."

लोक हसत. ती हसत नसे. तिची पहिली मुलगी नवऱ्याने चुलीभोवती फिरवलीच नव्हती, आणि बापाने फिरवलं नाही ते पोर घरचं नाही. मडक्यात घालून त्याने ती डोंगरावर नेऊन ठेवली. तिमारेता बाळंतिणीच्या खाटेवर होती. तिच्या हाताशी दगड नव्हता.

पुढे तिचा मुलगा दामोन याच्या बायकोला, मिर्तोला, दुसरी मुलगी झाली.

"दाराला काही लावू नकोस आई. मेलेली जन्मली म्हणून सांग."

"बापाचं तोंड घेऊन आलास, अक्कल तरी दुसरीकडून आणायचीस!"

"माझं घर आहे हे."

दुसऱ्या दिवशी सण होता आणि दगडावर कच्ची लोकर वाहिलेली होती. तिमारेताने ती उचलली, घरी आणली आणि भर दिवसा दाराला टांगली. दाराला लोकर म्हणजे घरात मुलगी, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. दुपारपर्यंत शेजारणी रिवाजाप्रमाणे भेटीला माकूळ मासे घेऊन हजर.

"काय रे दामोन, लेक झाली आणि गप्प? कधी फिरवतोस? आम्ही जेवूनच जाणार!"

दामोनने दात खात आईला कोपऱ्यात गाठलं. "देवाची लोकर चोरलीस?"

"दगडाला कुठे थंडी वाजते? जा, पोर उचल."

इतक्या बायकांसमोर त्याला नाही म्हणता येईना. पोरगी चुलीभोवती फिरली, सबंध वेळ किंचाळत.

तिमारेताचा राग मात्र गेला नाही. चापट चालूच राहिली. म्हातारपणी चढ झेपेना, तेव्हा तीच नात तेलाची कुपी घेऊन निघाली. तिमारेता अंथरुणातूनच ओरडली,

"आधी पुसून घे गं. धुळीवर तेल घातलंस तर चिखल होतो."