मानाच्या नारळापायी गेलेला कारखाना

परदेशी कंपनी आपल्याकडे का आली नाही असं कोणी विचारलं, की आमच्या गावात अजून माझ्याकडे बोट दाखवतात. माझी हाव नडली म्हणे! ज्यांना साधा सौदा कळत नाही ते माझी हाव मोजतात.

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. रंगाचा कारखाना काढायला एक विलायती कंपनी उरण-पनवेलकडच्या खाड्या पाहत होती. मी आधी मिठाच्या गोणी वाहिल्या, मग त्या वाहण्याचा मक्ता घेतला आणि त्यातून खाडीकाठचा माळ विकत घेतला. तो माळ कंपनीच्या गळ्यात घालायचा, एवढा एकच ध्यास होता. साहेब काय पाहतो, ते मुंबईच्या दलालाकडून मी काढून घेतलं होतं. धक्क्याला बोट लागते का, पाणी गोडं आहे का, रस्ता आहे का, जमिनीवर भाऊबंदांचा दावा तर नाही ना. भाव सगळ्यात शेवटी.

जमीन माझी निर्वेध होती. बाकी सगळी बोंब. खाडी तेवढी भरतीला खोल दिसायची, म्हणून मी पौर्णिमेची दुपार धरली. सरपंचाला बजावलं, "एक हार, एक नारळ, की सोडा त्यांना. ओहोटीत बोट चिखलात बसेल."

"आता तू आम्हाला खाडी शिकव," तो म्हणाला.

दोन साहेब आणि दलाल भर भरतीला धक्क्यावर उतरले. माळ पाहिला, माना हलवल्या. मग सरपंचाने त्यांना देवळापुढच्या मांडवात नेऊन बसवलं. आमच्याकडे पाच घराण्यांना मान. नारळ कोणी आधी द्यायचा यावर तिथेच जुंपली.

"पयला नारल आमचे घरचा हाय!" एक म्हातारा ओरडला.

"तुमचे घरचा होलीला. ह्यो कारखाना हाय!" दुसरा म्हणाला.

साहेब घड्याळ पाहत होते. दलाल माझ्या कानात म्हणाला, "शेठ, हे भांडण कशाचं सांगू त्यांना?"

"स्वागताचं," मी म्हटलं.

पाचही नारळ दिले गेले तेव्हा बोट चिखलात कलंडली होती. रात्रीच्या भरतीपर्यंत कोण थांबणार? साहेबांनी बूट हातात घेतले आणि बांधावरून पनवेलच्या रस्त्याकडे चालू लागले. जे मला झाकायचं होतं, ते सगळं त्यांनी पायांनी मोजलं. रस्ता नाहीच. वाटेतल्या विहिरीचं पाणी एकाने तोंडात घेतलं आणि थुंकलं. त्या वेळी मागून सरपंच अभिमानाने सांगत होता, "साहेब, असा मान तुम्हाला कुठे मिळणार नाही!"

रस्त्यावर पोचल्यावर दलालाने साहेबांचा एकच प्रश्न मला सांगितला. "ते विचारतात, नारळ कोणी द्यायचा ते ठरेना, तर गावातून पाण्याचा नळ न्यायचा झाला तर कोणाला विचारायचं?" भावापर्यंत गोष्ट गेलीच नाही.

कारखाना ठाण्याकडे झाला. त्या पहिल्या नारळवाल्या म्हाताऱ्याचे दोन नातू तिथे पाळीवर जातात, आणि म्हातारा पारावर बसून माझ्या हावेची कथा सांगतो. माझ्या माळावर त्याच्याच शेळ्या चरतात.

एक गोष्ट मात्र त्याने आजवर कोणाला सांगितली नाही, कारण ती निघाली तर त्याचा पहिला नारळही निघेल, आणि मीही नाही. पाचवा नारळ आमच्या घराचा होता. तो चौथा असावा म्हणून मांडवात अर्धा तास मी भांडलो होतो.