देवळाच्या दगडावरचा पिवळा सात

भर सभेत, हातात माइक घेऊन, स्वतःच स्वतःला शिक्षा सुनावणारी बाई तुम्ही कधी पाहिलीय का? नसेल तर नीट बघून घ्या, ती तुमच्यासमोर बसून चहा पितेय. आणि ती बिस्किटं जरा इकडं सरकवा, हे सांगताना मला आधार लागतो.

मी चाकणला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर लोकांनी मन लावून केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. पार्ट नापास झाला की मी त्याच्यावर पिवळ्या पेंट मार्करनं गोल काढते, आत कारणाचा आकडा लिहिते आणि गोलाखाली दोन रेघा ओढते, की तो पार्ट रिवर्कला, म्हणजे पुन्हा दुरुस्तीला, परत. त्या दोन रेघा मला कुणी शिकवल्या नाहीत, माझी आपली सवय. इंग्रजी सात लिहिला तर त्याच्या पोटात एक आडवी काडीही असते. तो मार्कर इतका चिवट की तेलानं जात नाही, कूलंटनं जात नाही, शिव्यांनी तर नाहीच नाही. ग्राइंडिंगवरचा दत्ता म्हणतो, मॅडमचा पिवळा रंग त्याला डब्यातल्या वरणातसुद्धा दिसतो.

हे झालं पोटापाण्याचं. आता दुसरं वेड सांगते. माझे बाबा पिंपरीत कामगार होते आणि आमच्या घरी सुट्टी म्हणजे लेणी. बाकीची मुलं बागेत जायची, आम्ही डबा घेऊन डोंगर चढायचो. आई दमून पायरीवर बसायची आणि बाबा खांबावरून हात फिरवत म्हणायचे, "हे कोरणारा पण आपल्यासारखा शिफ्टवालाच असणार बघ, सुजाता." तेव्हापासून कुठंही जुना दगड दिसला की माझी गाडी आपोआप थांबते. किल्ला, वेस, बारव, वीरगळ, मला काहीही चालतं. माझ्या नवऱ्याची, प्रशांतची, यावर एकच अट असते: जेवायच्या आत सांगवीला परत.

तर कुरुळीच्या पुढं एक गाव आहे. नाव नाही सांगत, मला तिथं अजून तोंड दाखवायचंय. कंपन्यांच्या पत्र्याच्या शेड जिथं संपतात, तिथं बाभळीच्या रानात महादेवाचं एक पडकं देऊळ आहे. गाभारा तेवढा उभा, मंडप सगळा खाली आलेला आणि कोरीव दगड चहूकडं विखुरलेले. मी दर महिन्याला जायचे आणि दर महिन्याला एखादा दगड कमी! एक ओढ्यावर धुण्याच्या जागी भेटला. एक चहाच्या टपरीची पायरी झाला होता, त्याच्यावर पाय देऊन मीच चहा घेतला आणि नंतर लक्षात आलं. पण सगळ्यात जीव जळला तो दाराच्या वरच्या पट्टीसाठी. तिच्या मधोमध एवढासा गणपती होता. एका रविवारी गेले तर पट्टीच गायब.

शेजारचं शेत बबनतात्यांचं. मी त्यांच्याकडं गेले. म्हटलं, तात्या, असंच चाललं तर इथं नुसत्या बाभळी उरतील, गावानं काहीतरी करायला हवं. तात्या गोठ्याच्या दारात आडवे उभे होते, मला आत काही डोकावू देईनात. म्हणाले, "दगडं हाईत बाई. आज न्हाई तर उद्या रस्ता येणार, समदंच जाणार हाय."

मला गाडीत बसल्यावर रडू आलं. खोटं कशाला सांगू?

मग मी ठरवलं. आमच्या कंपनीत ज्याच्यावर नंबर नाही ती वस्तू नसल्यात जमा. तेव्हा उरलेल्या प्रत्येक दगडावर नंबर घालायचा आणि फोटो काढून ठेवायचा. एखादा हलला तर लगेच कळेल, आणि कधीकाळी देऊळ पुन्हा उभं राहिलंच तर कुठला दगड कुठं पडला होता तेही सापडेल. पुढच्या रविवारी भर उन्हात मी वाकून वाकून नंबर घालत होते आणि प्रशांत माझ्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. त्यानं विचारलं, गावात कुणाला सांगितलंयस का? मी म्हटलं, चांगल्या कामाला कसली परवानगी?

आणि नंबर घातले कशानं? खडू पावसात जाईल म्हणून... हो, त्याच मार्करनं! तुमच्यातल्या जाणकारांनी आता कपाळावर हात मारला असेल. मारा. मी मात्र मागं सरकून मान तिरकी करून कौतुकानं बघत होते.

आता मला सांगा, आपल्या भागात एखाद्या भिंतीवर, झाडावर, दगडावर अचानक रंगाचा आकडा दिसला तर त्याचा अर्थ काय? शेंबडं पोरही सांगेल. मोजणी झाली, रस्ता येणार! आमच्या सोसायटीच्या भिंतीवर एकदा कुणीतरी बाण काढला होता, तर चेअरमनपासून वॉचमनपर्यंत कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. शेवटी तो केबलवाल्याचा निघाला. हे सगळं मला माहीत होतं. तरी माझ्या डोक्यात आलं नाही, कारण आपण करतो ते काम असतं आणि दुसरे करतात त्या खुणा असतात.

काही आठवड्यांनी दत्ता माझ्याकडं आला. रविवारच्या ओव्हरटाइमला येणार नाही म्हणाला. ओव्हरटाइम सोडणारा दत्ता मी पहिल्यांदाच बघत होते, म्हणून विचारलं.

"मॅडम, आमच्या गावच्या देवळावर सरकारनं आकडं टाकल्यात. आंदोलन हाय."

दत्ता त्याच गावचा, हे मला तेव्हा कळलं. त्यानं स्वतः काही पाहिलं नव्हतं, तो नाइट शिफ्टला होता, पण घरच्यांनी सांगितलं होतं. मोजणीवाले गुपचूप येऊन गेले. गाभाऱ्याच्या भिंतीवर हातभर लाल आकडे आहेत. ड्रोनही फिरला म्हणे. सकाळच्या चहाला तो साधा रस्ता होता, जेवणापर्यंत चौपदरी झाला आणि शिफ्ट सुटताना त्याच्यावर उड्डाणपूल बांधून तयार होता.

माझं डोकंच फिरलं. माझं देऊळ! मी दत्ताला म्हटलं, मी येणार, मी बोलणार. आंदोलनाचा मेसेज मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, लेण्यांच्या ग्रुपवर टाकला, बाबांना टाकला. घरी प्रशांत जेवता जेवता म्हणाला, "तुझेच आकडे नसतील ना गं?"

काय ऐकून घेतलं त्यानं त्या रात्री! मी म्हटलं, माझे आकडे बोटभर, हे हातभर. माझे पिवळे, हे लाल. माझे खाली पडलेल्या दगडांवर, हे भिंतीवर. तुला माझं काम आणि सरकारी विटंबना यातला फरक कळत नाही? तो म्हणाला, भात वाढ.

रविवारी पोचलो आणि मी गाडीतून उतरून तशीच उभी राहिले. बाभळी तोडलेल्या. जमीन झाडून सडा टाकलेला. गाभाऱ्यात समई. ओढ्यावरचा धुण्याचा दगड परत आला होता, घासून लख्ख केलेला. टपरीची पायरी परत आली होती, टपरीवाला स्वतः तिच्याशेजारी हात बांधून उभा होता. अख्खं गाव सतरंज्यांवर बसलं होतं. इतकी वर्षं मी एकटी येत होते हो इथं, आणि आज बसायला जागा नव्हती. मला हुंदका आला, आणि अशा अवस्थेत माणसाच्या हातात माइक देऊ नये.

पण दिला.

मी काय बोलले! मी म्हटलं, "ज्या कुणी हे केलंय त्याला काळजी नाही, अक्कल नाही आणि लाज तर अजिबात नाही. हातात रंग आला म्हणून देवाच्या दगडांना फासायचा? त्याला इथं आणा आणि एकेक दगड त्याच्याच हातानं पुसायला लावा. सगळ्या गावानं उभं राहून बघायचं!" टाळ्या थांबेनात. मागं उभ्या प्रशांतनंही वाजवल्या.

मग बबनतात्या उठले. म्हणाले, ताईंना पुरावा दाखवा. पंचनामा होईपर्यंत कुणी हात लावू नये म्हणून गावानं आकड्यांचे सगळे दगड ताडपत्र्यांखाली झाकून ठेवले होते. दोघांनी एक ताडपत्री ओढली.

पिवळा.

गोल. गोलात सात. सातच्या पोटात आडवी काडी. गोलाखाली दोन रेघा.

उन्हाची चक्कर येऊन पडावं असं फार वाटलं, पण नेमकं आभाळ आलं होतं. आणि तुम्हाला खरं सांगू? लाजेपेक्षा भीती मोठी होती. मी तोंड उघडलं की सगळे सतरंज्या गुंडाळून घरी जाणार. पायरी टपरीला जाणार, धुण्याचा दगड ओढ्याला जाणार. गप्प बसले तर देऊळ वाचत होतं. सरकारच्या नावावर इतकं खपतं, त्यात माझा एक सात कुणाला जड झाला असता?

तेवढ्यात दत्ता पुढं आला. वाकला. दगडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत दगडाकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे पसरत गेलं ते मी दिवाळीच्या बोनसलाही पाहिलं नव्हतं.

"तात्या," तो म्हणाला, "रस्ता न्हाई, काय न्हाई. आमच्या मॅडमनं देऊळ रिजेक्ट केलंय."

माइक चालूच होता, म्हणून मागच्या रांगेतही नीट ऐकू गेलं.

बबनतात्यांनी मला खालून वर न्याहाळलं. सावकाश म्हणाले, "व्हय, व्हय. मी लांबनं बघितलं व्हतं. म्हटलं कुणी मोठी साहेबीण आसंल. मागं छत्री धरून शिपाई उभा व्हता." हिंजवडीत हाताखाली अख्खी टीम असलेल्या माझ्या नवऱ्याकडं सगळ्या गावानं वळून पाहिलं.

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. नंबर का घातले, कसे घातले. म्हटलं, "रस्ता येणार नाही, पण दगड तरीही जातायत. दर वेळी एक कमी असतो. मला भीती वाटली की पुढच्या वेळी येईन तेव्हा इथं काहीच नसेल. म्हणून मी मूर्खपणा केला. पण आता परत नेऊ नका."

दोनचार जण उठून कपडे झटकायला लागले. बबनतात्या तर सरळ गोठ्याकडं निघून गेले. मला वाटलं, काठी आणायला गेले.

ते परत आले ते ट्रॅक्टरवर. मागं ट्रॉलीत गोणपाटावर ती दाराची पट्टी. शेणाचे डाग होते, पण गणपती जसाच्या तसा. तात्या खाली उतरले आणि माझ्याकडं न बघता गावाला म्हणाले, "गव्हाणीखाली टेकू दिला व्हता. सरकार नेतंय म्हणून आठवडाभर बोंबलतोय मी, आन निम्मं आपुनच नेलंय. रस्ता येत न्हाई तर बरंच झालं. झाडलंय ते झाडलेलंच ऱ्हाईल."

कपडे झटकणारे खाली बसले. टपरीवाला सगळ्यांना चहा द्यायला लागला. मला इतकं बरं वाटलं, मी तात्यांच्या पायाच पडणार होते.

"पर," तात्या म्हणाले, "शिक्षा तुमीच सांगितलीया, ताई."

तर रविवारी मी कुठं असते म्हणून विचारत होतात ना? तिथं असते. जाणकारांना विचारून घेतलंय, तारेचा ब्रश चालत नाही, ॲसिड चालत नाही. मऊ ब्रश, पाणी आणि लाकडाची काडी, हळूहळू. नंबर आता सुतळीनं बांधलेल्या चिठ्ठ्यांवर आहेत. समई रोज लागते, पट्टी गाभाऱ्याशी सावलीत ठेवलीय, आणि तीन नवे दगड आलेत, कुणी आणले ते कुणी विचारत नाही. प्रशांतही येतो. गाव त्याला अजून शिपाईच म्हणतं.

आणि दुपारी दत्ता चहा घेऊन येतो. मी दिवसभर घासलेल्या दगडापाशी उकिडवा बसतो, डोळे बारीक करतो, थेट माझ्यासारखी जीभ टाळ्याला लावून च्च करतो आणि मान हलवतो.

"सातच्या पोटातली काडी अजून दिसतीया, मॅडम. रिवर्क."