शेल्याचं कोरं टोक

आमचा मुलुंडचा कॉम्प्युटर इतका जुना आहे की सोसायटीने त्याला मतदानाचा हक्क द्यायला हवा. तो सुरू केला की खालच्या मजल्यावरचे पंखे मंदावतात, असं मी सांगतो. खालचे नाकारतात. पण बायकोची भरतकामाची मशीन फक्त त्याचंच ऐकते. दोघांना जोडणारं कार्ड वीतभर लांब, ते बसेल असा स्लॉट आत एकच, आणि तसलं दुसरं कार्ड आता अख्ख्या मुंबईत मिळत नाही.

दसऱ्याच्या सकाळी मला रॅम वाढवायची हुक्की आली. झाकण काढलंच होतं, म्हटलं कार्डही पुसून घेऊ. नवी रॅम आणि कार्ड, दोन्ही पूजेच्या ताटात ठेवली. बायकोने हळदकुंकू लावलं, उघड्या कॅबिनेटवरही भक्तिभावाने अक्षता टाकल्या. मग मी सगळं परत बसवलं.

कॉम्प्युटर सुरू झाला. नवी रॅम दिसली. मशीन मात्र ढिम्म.

मशीनवर शेला ताणलेला. एका टोकाला मोर, दुसरं टोक कोरं. संध्याकाळी साखरपुडा, आणि नवरी मुलगी दुपारी स्वतः न्यायला येणार होती.

"कार्ड मेलं का?" बायकोने विचारलं.

"छे, दमलंय."

"अहो, मस्करी नको. ते गेलं तर माझा धंदा बसला."

पुढची थाप मला सुचेना, यावरूनच काय ते समजा. कार्डाच्या सोनेरी दातांवरचं कुंकू खोडरबराने घासलं. बसवलं. ढिम्म. शर्ट पिळला असता तर बादली भरली असती. यातच दुपार झाली आणि बेल वाजली.

"काकू, झाला ना शेला?"

"बस गं, शेवटचा हात फिरवतेय."

मुलीला चहा देऊन बायको आत आली आणि कानाशी पुटपुटली, "बिस्किटं संपेपर्यंत वेळ आहे तुम्हाला."

प्लग काढला. पुन्हा बघितलं, तर कार्ड एका बाजूने केसभर वर राहत होतं. ते उपसून स्लॉटमध्ये टॉर्च मारला. तळाशी, कुंकवाने माखलेला, अक्षतेचा एक दाणा.

बायकोने सुई पुढे केली. दाणा निघाला. कार्ड दाबलं, खट्कन बसलं. प्लग लावला. कॉम्प्युटरने उठायला एक युग घेतलं, मग मशीनची सुई हलली आणि कोऱ्या टोकावर चोच उमटू लागली.

"अक्षता कुणी टाकल्या?" मी हळूच विचारलं.

"झाकण कुणी उघडं ठेवलं?"

बाहेरून आवाज आला, "काकू, उशीर होतोय हं."

अख्खा पिसारा बाकी होता. बायकोने माझ्या हातात बिस्किटांचा दुसरा पुडा दिला. "जा, बसवून ठेवा तिला. बोलायला सांगावं लागत नाही तुम्हाला."

मी मुलीसमोर बसलो आणि पंख्यांपासून सुरुवात केली.