मंदाच्या खांद्यासाठी फ्लाय रॉड

आमच्या वरच्या मजल्यावरच्या घरात नऊ फुटांची वस्तू मावत नाही, हे मला नऊ फुटांची वस्तू तयार झाल्यावर कळलं.

ती वस्तू म्हणजे मासे धरायची फ्लाय रॉड. काळ्या कार्बनची, डोक्यावरून सपासप फिरवायची लांबलचक काठी, पुढे दोरीला गळ आणि गळाला पिसांची खोटी माशी. भद्रावतीत अशी काठी कोणाकडे नाही आणि त्यावाचून कोणाचं अडलेलंही नाही. माझं मात्र अडलं होतं, आणि ते मंदाच्या खांद्यापाशी.

मंदा म्हणजे माझी बायको. मोरीत पाय घसरून तिचा उजवा हात मोडला. प्लास्टर निघेपर्यंत खांदा असा आखडला की हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरांनी दोरी-कप्पी लावून रोज ओढायला सांगितलं. "मी काय विहिरीवर पाणी भरून राह्यली का?" असं म्हणून मंदानं कप्पी खिळ्याला टांगली, ती टांगलीच! तेव्हापासून तिचा अंबाडा मी घालत होतो. (माझा अंबाडा भाजी फोडणीला पडेपर्यंत टिकला, तर तो दिवस सोन्याचा.) आम्ही ते हसण्यावारी नेत होतो. पण एका सकाळी आरशात बघत ती हळूच म्हणाली, "राहू द्या जी. आता हा हात असाच राह्यते. केस कापूनच टाकते मी."

माझ्या हातातली फणी तिथंच थांबली. त्या केसांवर माझा किती जीव आहे, हे मी इतक्या वर्षांत तिला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगता आलं नाही.

त्याच आठवड्यात मोबाइलवर एक माणूस दिसला. नदीत उभा राहून काठी फिरवत होता. हात वर, हात खाली, हात वर, हात खाली! मी ताडकन उठून बसलो. मंदाचं माहेर मार्कंड्याजवळ, वैनगंगेच्या काठचं. लहानपणी ती धानाला पाणी देणाऱ्या गावच्या बोडीत गळ टाकून तासन्‌तास बसायची. कप्पीसाठी न हलणारा हात मासोळीसाठी नक्की हलेल! आता अशी रॉड तयारही मिळते. पण आयुष्यभर कारखान्यात फिटर असलेला माणूस तयार वस्तू आणेल? मी सुटे भाग मागवले.

चार नळ्या, बुचाची मूठ आणि दोरी ओवायच्या तारेच्या कड्या आल्या. खालच्या मजल्यावरचे रफीकभाई टेलर बघायला आले.

"भाऊ, हे काय बनवून राह्यले?"

"मासे धरायची काठी."

"अन् आपल्याकडे जंगलभर बांबू आहे, तो काय कामाचा?"

मी त्यांना कार्बनच्या लवचिकपणाबद्दल बरंच काही सांगितलं. त्यांनी ते माणुसकीच्या नात्यानं ऐकून घेतलं आणि भरतकामाच्या लाल दोऱ्याचं रीळ आणून दिलं. "लालच घ्या. मच्छीले नाई दिसलं तरी भाभीले दिसते."

कड्या नळ्यांवर दोऱ्यानं घट्ट गुंडाळायच्या, वर एपॉक्सी या पातळ गोंदाचा हात द्यायचा आणि तो वाळेपर्यंत नळी फिरवत राहायचं, नाहीतर ओघळ येतात. मी एकेक नळी दोन खुर्च्यांवर आडवी ठेवली आणि मंदाला टोकाशी बसवलं. "फिरवत राहा. उजव्या हातानं."

"अजी, काठी करून राह्यले का सीख कबाब?" ती म्हणाली. पण फिरवत राहिली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं! नळ्या एकमेकींत खोचून काठी उभी केली, तर सांधा किंचित हलला. माझ्या हातचा सांधा, आणि ढिला? मी तिन्ही सांध्यांत एपॉक्सी ठासून भरला आणि दाबून बसवला. "आता बाप आला तरी सुटत नाई!" मी जाहीर केलं. चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात एपॉक्सीला वाळायला सांगावं लागत नाही. त्यानंतर मी काठी बनवायच्या व्हिडिओचा, घाईत पुढे पळवलेला भाग बघितला. त्यातला माणूस कळवळून सांगत होता की सांधे कधीही चिकटवू नका, काठी सुटी करूनच न्यायची असते.

नदीवर जायच्या दिवशी काठी दारातून निघाली, जिन्याच्या वळणावर अडली. उभी केली तर छताला, आडवी केली तर शेजारच्यांच्या दाराला! खालून रफीकभाई ओरडले, "भाऊ, जिना पाडा, काठी वाचवा!" शेवटी जुन्या साडीला बांधून गॅलरीतून खाली सोडली. अख्खी कॉलनी वर बघत होती आणि मंदा डाव्या हातानं सूचना देत होती.

बसमध्ये काठी मधल्या वाटेत ठेवली. कंडक्टर म्हणाला, "काका, हे काय आहे ते मी नाई विचारत. पण ड्रायव्हरच्या कानात काऊन घालून राह्यले?" काठीचं टोक खरंच ड्रायव्हरच्या कानाशी लवलवत होतं आणि तो बिचारा मच्छर समजून स्वतःलाच चापट्या मारत होता.

नदीवर पोचलो. मंदाच्या भावाच्या वावराखालची जागा, आजूबाजूला कोणी नाही. "बघ हं, सगळं मनगटात असते," म्हणत मी काठी फिरवली. गळ बाभळीत अडकला. सोडवून पुन्हा फिरवली, तो माझ्याच कॉलरमध्ये! तिसऱ्यांदा तो कुठे गेला ते दोघांनाही कळेना, मग मी बसायला गेलो आणि कळलं. मंदा हसून हसून खाली बसली. किती महिन्यांनी तिला अशी हसताना बघत होतो!

"आना इकडे! तुमच्याच्यानं नाई होत." तिनं काठी ओढून घेतली. तेवढ्यात वारा आला, मी घातलेला अंबाडा सुटला आणि केस तोंडावर आले. "धरा जरा," म्हणून तिनं काठी परत माझ्या हातात दिली, पिना दातांत धरल्या, दोन्ही हात डोक्यामागे नेले, पीळ दिला आणि अंबाडा घातला. उजवं कोपर जरा थरथरलं, इतकंच.

"द्या आता काठी."

मी दिली नाही. "मंदा, तुझा हात कुठी आहे पाह्य."

हात अंबाड्यावरच होता. तिनं तो तसाच ठेवला, जणू काढला तर पुन्हा जाणार नाही. "अवो बाई!" एवढंच म्हणाली आणि तिचे डोळे भरले. माझे आधीच भरले होते. मग मी बोललोच. "केस कापू नको वो. मले लय आवडते तुझे केस."

"एवढं सांगाले नदीपर्यंत आणलं का, जी?" ती म्हणाली.

मासा एकही मिळाला नाही. आता ती दर रविवारी माहेरी काठी फिरवते. काठी तिथंच ठेवून आलो, परत बसमध्ये न्यायची हिंमत नव्हती. पण नदीवरून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं फणी घेऊन आरशापाशी गेलो, तर मंदा तिथं आधीच उभी, दोन्ही हात वर. कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा शाल, श्रीफळ आणि साहेबांचं भाषण तरी झालं होतं. या नोकरीतून मात्र मला एका शब्दात काढलं: "सरका!"